गोऱ्ह्याचा हिशेब

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीक विम्यावर झाले. आता जेवणाआधीचा अर्धा तास माझ्याकडे आहे आणि विषय दुधाचा आहे. हा विषय मी मागून घेतला. कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. 2021च्या पोळ्यापासून मी दूध सोडले. दूध, दही, ताक, तूप, सगळेच. गावात बैठकीला गेले की चहा येतो, मी कोरा मागते, आणि पुढची दहा मिनिटे संघटनेचा विषय बाजूला राहतो. ताईला उपवास आहे का, ताईला शुगर आहे का, ताईने कोण्या महाराजाची माळ घातली का! एका घरी म्हातारी काहीच बोलली नाही. तिने कप उचलला आणि आत नेला. निघताना तिच्या सुनेने मला हळूच विचारले, "आमच्या घरचं चालत नाही का तुमाले?" आपल्या मुलखात एखाद्याच्या घरचा चहा नाकारण्याचा काय अर्थ होत आला आहे, हे मी इथे सांगायला नको. त्या दिवशी ठरवले की एकदा सर्वांसमोर उभे राहून याचा खुलासा करायचा.

आधी एक सांगून टाकते. दूध सोडा, असे सांगायला मी उभी नाही. माझे स्वतःचे शिक्षण म्हशीवर झाले. अकोल्याला कृषी विद्यापीठात चार वर्षे होते, मेसचे पैसे दर महिन्याला आईच्या दुधाच्या बिलातून यायचे. ज्या बाईने पहाटे चारला उठून धारा काढल्या आणि मुलीला शिकवले, तिला मी पापी म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. पण शेतीतला प्रत्येक हिशेब आपण मांडतो. कापसाचा उत्पादन खर्च काढताना बैलजोडीचा दिवस धरतो, घरच्या माणसाची मजुरी धरतो. दुधाच्या हिशेबात मात्र एक खर्च आपणही धरत नाही आणि सरकारही धरत नाही. तो मी आज मांडणार आहे.

2008 साली मी एका संस्थेच्या दुग्ध प्रकल्पात नोकरीला लागले. तो काळ आठवा. 2006 साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यात सहा जिल्ह्यांत अनुदानावर दुधाळ गाई देण्याची योजना होती. कापसाने मारले, आता गाय तारील, अशी हवा होती. आमच्या संस्थेचेही तेच म्हणणे, आणि माझेही. मी मोटारसायकलवर गावोगाव फिरायची आणि संकरित गाईचा तक्ता लोकांपुढे मांडायची. इतके लिटर, इतके दिवस, इतकी पेंड, इतका डॉक्टर, इतका विमा, खाली शिल्लक. वासरासाठी तक्त्यात एक ओळ होती: 'कालवड झाल्यास गोठ्यात भर.' गोऱ्हा झाल्यास काय, याला ओळच नव्हती. निम्म्या वेळा गोऱ्हाच होतो, हे बी.एस्सी. कृषी झालेल्या बाईला समजायला हरकत नव्हती. (हशा)

हसू नका. त्या तक्त्यावर भरवसा ठेवून एका शेतकऱ्याने गाय घेतली. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. नाव सांगत नाही, माणूस हयात आहे. गाय व्याली, गोऱ्हा झाला. आता वासराच्या बाबतीत एक गोष्ट नीट ऐका. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच थोडी रोगप्रतिकारक शक्ती मिळते. गाईच्या वासराला तशी मिळत नाही. ते कोरेच जन्मते. पहिल्या काही तासांत जो चीक पोटात जाईल तीच त्याची लस. पंचवीस किलोचे वासरू असेल तर पहिल्या दिवशी दोन-अडीच लिटर चीक त्याला मिळायला पाहिजे. त्या घरी चीक गावात खरवसाला गेला, काही वाटला, काही विकला. चौथ्या दिवसापासून दूध डेअरीत. गोऱ्ह्याला पान्हा सोडण्यापुरते लावायचे आणि दोन चुळकांत ओढून काढायचे. एकोणिसाव्या दिवशी तो मेला. मी रजिस्टरात मृत्यूचे कारण लिहिले, 'हगवण.' हगवण होतीच, मी खोटे लिहिले नाही. पण ती का झाली हे मला माहीत होते, शेतकऱ्याला माहीत होते आणि गोठ्यात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला तर सगळ्यांत आधी माहीत होते. तिघांपैकी कोणी शब्द काढला नाही. शेतकऱ्याला दोष देऊ नका. गाईचा हप्ता लिटरवर ठरलेला होता. वासरू जे पिईल ते हप्त्यातून जाणार. तक्ता मीच करून दिला होता.

दुसऱ्या वेताला कालवड झाली. ती कशी टुणटुणीत वाढली म्हणता! तीच गाय, तोच गोठा, तोच माणूस. तिसऱ्या वेताला, 2013 साली, पुन्हा गोऱ्हा. या वेळी मी मागे लागले, याला जगवा. त्याने जगवला. आणि मग खरी पंचाईत झाली. संकरित गोऱ्हा, वशिंड नाही, जू मानेवर बसत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात वखराला जुंपला की दहा वाजताच धापा टाकून बसतो. बाजारात न्यावा तर तोवर 2015चा मार्च उजाडला आणि कायदा लागू झाला. 2016 साली मी त्याच्या अंगणात बसले होते. तो म्हणाला, "मॅडम, याचं का करू आता? जुवाले येत नाही, इकाले येत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या पिशवीत त्या दिवशीही तोच तक्ता होता. महिन्याभराने कळले की त्याने एका रात्री दावे सोडून दिले. पुढे शेजारच्या गावाने मोकाट गुरे तुरीत शिरतात म्हणून ओरड केली. त्यात तो होता की नव्हता, कोण सांगणार. त्याच वर्षी मी नोकरी सोडली आणि संघटनेत आले.

कायदा काय झाला तेही थोडक्यात सांगते, कारण गावात अजून गोंधळ आहे. महाराष्ट्रात 1976च्या कायद्याने गाईची कत्तल बंद होती. बैल आणि वळू यांनाही ती बंदी लावणारी दुरुस्ती विधिमंडळाने 1995 साली केली, राष्ट्रपतींची मंजुरी यायला 2015 उजाडले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. 2016 साली उच्च न्यायालयाने काही कलमे काढली, बंदी मात्र कायम ठेवली. म्हैस आणि रेडा यांत नाहीत. शेतीसाठी बैल विकायला कायदा आडवा येत नाही, असे कागदावर आहे. पण जनावरे भरलेली गाडी रस्त्यात अडवली जाते तेव्हा कागद कोण वाचतो? व्यापारी आटले, बाजार पडला. पशुगणना पाहा. 2012 ते 2019 या सात वर्षांत देशात गाई-कालवडी 18 टक्क्यांनी वाढल्या आणि बैल-गोऱ्हे 30 टक्क्यांनी घटले. पोटातून तर दोन्ही सारखेच बाहेर येतात. मग एवढे गोऱ्हे गेले कुठे? रस्त्यावरची मोकाट गुरे त्या गणनेत 50 लाखांच्या वर भरली, पण त्यानेही हिशेब पुरता लागत नाही. बाकीचे माझ्या रजिस्टरातल्या 'हगवण' या शब्दात आहेत, असे मी समजते.

इथे बसलेल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल, आपल्याकडे गाय दुधासाठी नव्हतीच. वर्ध्याकडची गवळाऊ घ्या, मराठवाड्यातली देवणी किंवा लाल कंधारी घ्या. गाय पाळायची ती बैलासाठी. दूध वरकड होते, वासराने पिऊन उरेल ते घरात. कापसाच्या काळ्या जमिनीत बैलाशिवाय वखर नाही, डवरा नाही, बंडी नाही. गोऱ्हा झाला की घरात आनंद व्हायचा, कालवड झाली की 'बरं' म्हणायचे. त्या गोठ्यात मारझोड नव्हती, पराणी नव्हती, असे मी म्हणत नाही. बैलाचे आयुष्य काही सुखाचे नव्हते. पण त्याला किंमत होती, म्हणून त्याच्या वाट्याचा चीक त्याला मिळत होता. ट्रॅक्टर आला, जर्सी आली, आणि सगळे उलटे झाले. आता दूध हे पीक आणि गोऱ्हा हे त्याचे तण.

वैरणीचा हिशेब करू. तीनशे किलोचे जनावर रोज सहा-सात किलो कोरडी वैरण खाते. वर्षाला सव्वादोन टनांच्या आसपास. कोरडवाहू ज्वारीचा कडबा एकरी सव्वा टन धरा, चांगल्या पावसाला जास्त, नाहीतर तेवढाही नाही. म्हणजे एक बिनकामाचे जनावर तुमच्या जवळजवळ दोन एकर ज्वारीचा कडबा खाते. पेंढीचा भाव तुमच्या गावचा तुम्ही लावा, मी लावत नाही. आणि ज्वारी उरली आहे कुठे? 1964 साली सी.एस.एच.-1 हे पहिले संकरित ज्वारीचे बियाणे आले, दाणा वाढला, ताट आखूड झाले. पुढे सोयाबीन आले आणि आपल्या खरिपातून ज्वारीच निघून गेली. सोयाबीनच्या कुटारावर दुधाची गाय कशी जगते ते तुम्ही रोज पाहता. मग पेंड आणा. पेंड कशाची? सरकीची. सरकी कोणाची? तुमची!

इथे मला कापसाच्या शेतकऱ्याशी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण मागच्या बैठकीत एका भावाने मला हेच विचारले. शंभर किलो कापसातून रुई निघते तेहतीस-पस्तीस किलो, बाकी जवळजवळ सगळी सरकी. सरकीचे तेल निघते, पेंड निघते, पेंड गाई-म्हशींना जाते. सरकीला भाव असला की कापसाला भाव. तो भाऊ म्हणाला, "ताई, सगळ्यांनी तुमच्यासारखं दूध सोडलं तर माझी सरकी कोण खाईल?" प्रश्न रास्त आहे. खोटे कशाला बोलू, दुधाची मागणी पडली तर सरकी पडेल आणि सरकीबरोबर कापूस पडेल. पण मी दुसरी बाजूही मांडते. आपण सरकी विकतो ती कापसाच्या भावात, हंगामात, व्यापारी म्हणेल त्या दराने. तीच पेंड होऊन उन्हाळ्यात आपल्याच गोठ्यात परत येते तेव्हा भाव त्यांचा. आणि त्या पेंडीतून जे दूध होते त्याचा भाव पुन्हा त्यांचाच. तीन ठिकाणी तूट. ही तूट भरून कोण काढतो? सगळ्यांत दुबळा जो दावणीला आहे तो. गोऱ्ह्याच्या तोंडचे दूध काढले की लिटर वाढतात.

दुधाच्या भावाची कहाणी तुम्हाला माहीत आहे. 2017च्या जूनमध्ये पुणतांब्यापासून संप झाला, दूध रस्त्यावर गेले. 2018च्या जुलैत पुन्हा दूध बंद. 2023च्या जुलैत 3.5 फॅट आणि 8.5 एस.एन.एफ.च्या गाईच्या दुधाला 34 रुपये जाहीर झाले, आणि वर्ष संपायच्या आत ते मोडले. मग 2024च्या जानेवारीपासून लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान. या सगळ्या मागण्यांत मीही घोषणा दिल्या आहेत. पण एकाही निवेदनात आपण असे लिहिले नाही की दुधाच्या उत्पादन खर्चात गाईचे भाकड महिने धरा, गोऱ्ह्याचा चीक धरा, त्याची वैरण धरा. शहरातला माणूस जे स्वस्त दूध पितो, त्याची उरलेली किंमत गोऱ्हा देतो आणि त्याच्यामागून शेतकरी देतो.

आता मी दूध का सोडले ते. नोकरी सोडली तेव्हा नाही सोडले. पाच वर्षे दुधाचा चहा पीत, दुधाच्या भावावर भाषणे देत फिरले. 2021च्या पोळ्याला घरी होते. आमच्या गावात त्या वर्षी तोरणाखाली बैलजोड्या मोजक्या आणि हार घातलेले ट्रॅक्टर जास्त. पोरांकडे मातीचे बैल. दुपारी शेजारणीने खरवस आणून दिला, वेलदोडा घातलेला, अजून कोमट. खरवस मला लहानपणापासून जिवापाड आवडतो. मी चमचा उचलला आणि सहज विचारले, काय झाले गाईला? ती म्हणाली, "गोऱ्हा." त्यापुढे काही बोलली नाही. मला ते रजिस्टर दिसले, माझे अक्षर दिसले. वाटी तशीच परत करता येईना, म्हणून मी ती आईला दिली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माह्या म्हशीचे रेडकू कुठे गेले, हे इचारलं नाहीस कधी." खरे होते. रेड्याची गत गोऱ्ह्याहून वाईट, त्याच्यासाठी ओरडणाराही कोणी नाही. शिकत होते तोवर मीही विचारले नव्हते.

तुम्ही म्हणाल, हे फॅड बाहेरचे. नाव बाहेरचे आहे हे खरे. 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी दूध-अंडीही न खाणाऱ्यांची संस्था काढली आणि 'व्हीगन' हा शब्द काढला. तिकडचा गोठा हजार गाईंचा, आपला दोन गाईंचा, त्यांचे सगळे बोलणे आपल्याला लागू पडत नाही. पण त्याच्या किती तरी आधी, 1912 साली, दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर गांधींनी दूध सोडले होते. कलकत्त्याकडचे गवळी दुधाचा शेवटचा थेंब काढायला गाईवर 'फुंका' करतात, हे वाचून त्यांचे मन उडाले होते. पुढे 1918-19च्या मोठ्या दुखण्यात डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती. म्हणून शेळी. सेवाग्रामला येणाऱ्या पाहुण्यांना ती शेळी दिसते, तिच्यामागचे मोडलेले व्रत कोणी सांगत नाही. गांधींना स्वतःला ते आयुष्यभर टोचत राहिले. फुंका 1960च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरला, आणि त्याच कलमात दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला बाधेल असे इंजेक्शन देणेही येते. आता पान्ह्याची बाटली कोणाच्या गोठ्यात कोनाड्यात ठेवलेली आहे, हे मी हात वर करून विचारत नाही. (हशा) वासरू मेले की पान्ह्यासाठी ती बाटली येते. वासरू का मेले, ते मघाशी सांगितले.

अजून दोन प्रश्न नेहमी येतात. एक, बोंडअळीचा. लाखो अळ्या मारतो तेव्हा ताईंची दया कुठे जाते? भाऊ, अळीचे उत्तर मला येत नाही. मीही फवारणीचा सल्ला दिला आहे आणि उद्याही देईन. एक गोष्ट सुटत नाही म्हणून दुसरी सोडायची नाही, एवढे मला पटत नाही. दुसरा प्रश्न लेकरांचा, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. ज्या घरात अर्धा लिटर दूध लेकराच्या पोटात जाते, त्या घरात जाऊन मी हे भाषण करणार नाही. पण मी अशी घरे पाहिली आहेत की गोठ्यात दोन गाई आणि लेकराच्या हातात कोरा चहा, कारण सगळे दूध डेअरीत. धारा बाईच्या, शेण बाईचे, पाणी बाईचे, आणि बिल बाप्याच्या खात्यात. माझ्यापुरते म्हणाल तर भाकर, तुरीचे वरण, जवसाची चटणी, तीळ, शेंगदाणे, यावर माझे चांगले चालले आहे. मात्र बी-12 हे जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही, त्याची गोळी मी नेमाने घेते. कोणी माझे पाहून दूध सोडणार असेल तर त्याने गोळीही घ्यावी. उगाच अशक्तपणा आला तर नाव संघटनेचे खराब व्हायचे.

मग करायचे काय? कत्तलखाना उघडा, असे माझ्या तोंडून निघणार नाही, मी ते खात नाही आणि मला ते नको आहे. संघटनेतल्या बऱ्याच जणांचे मत वेगळे आहे: माल माझा, विकण्याचा हक्क माझा. त्यांच्याशी माझा वाद चालू आहे आणि चालू राहील. पण एका बाबतीत आमचे एकमत आहे. जो कायदा करून सांगतो की हे जनावर मरेपर्यंत सांभाळ, त्याने त्याचा कडबा दिला पाहिजे. पुण्य दिल्ली-मुंबईचे आणि वैरण माझ्या दोन एकरांची, हे चालणार नाही. कालवडच होईल अशा लिंगविनिश्चित रेतमात्रा आता मिळतात, त्यात दहापैकी नऊ वेळा कालवड होते. ज्याला गाय ठेवायचीच आहे त्याने पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच मागाव्यात. उपाशी मरणाऱ्या गोऱ्ह्यापेक्षा न जन्मलेला गोऱ्हा बरा, असे माझे मत आहे. भाकड गाईचा प्रश्न त्याने सुटत नाही, हेही लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे गोऱ्हा जन्मलाच आहे त्यांना माझे मागणे एवढेच: पहिल्या दिवसाचा चीक त्याचा. खरवस दोन दिवसांनी करा.

संघटनेकडे माझी मागणी वेगळी आहे. पुढच्या बैठकीत दुधाच्या उत्पादन खर्चाचा आपला तक्ता करायचा आहे, आणि त्यात गोऱ्ह्याची ओळ पाहिजे. ती ओळ भरायला आकडे लागतील. म्हणून प्रत्येक तालुक्याने एक वही घालावी. गावात मागच्या दोन वर्षांत किती गाई-म्हशी व्याल्या, किती कालवडी-वगारी, किती गोऱ्हे-रेडके, आणि ते आज कुठे आहेत. मेला असेल तर कितव्या दिवशी. नाव शेतकऱ्याचे लिहू नका, फक्त गावाचे लिहा. 'हगवण' असे कोणी सांगितले तर चीक किती पाजला ते विचारा, रागावून नाही, बसून. वह्या गोळा करण्याचे काम महिला आघाडीकडे द्यावे, कारण खरा आकडा बाईलाच ठाऊक असतो.

एक वही मी घातली आहे. पहिली नोंद माझ्या आईच्या गोठ्याची आहे. तिने आठवून सांगितली. मी अकोल्याला होते त्या चार वर्षांत म्हैस तीनदा व्याली. एक वगार, ती मोठी होऊन विकली. दोन रेडके. एक अकराव्या दिवशी गेले. दुसरे कोणाला दिले ते तिला आठवत नाही.